घड्याळाची गोष्ट – लेखांक ७ : दिवा वाचला, एसी लागला

गेल्या आठवड्यात आपण पाहिलं की ३० एप्रिल १९१६ रोजी जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीने कोळसा वाचवायला घड्याळं तासभर पुढे केली आणि तीन आठवड्यांत ब्रिटननेही तोच मार्ग धरला. तेव्हा घरातली वीज म्हणजे मुख्यतः दिवा. संध्याकाळी उजेड तासभर जास्त टिकला की दिवा उशिरा लागणार, इतका हिशेब सोपा होता. अमेरिकेत आजही वर्षातले जवळपास आठ महिने घड्याळं पुढे असतात. मुलं-नातवंडं तिकडे असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको: मार्चच्या दुसऱ्या रविवारी न्यूयॉर्कचं आपल्याशी अंतर साडेदहा तासांवरून साडेनऊवर येतं आणि फोनची ठरलेली वेळ बदलावी लागते. पण या खटाटोपातून वीज वाचते का?

याचं उत्तर शोधायची उत्तम संधी इंडियाना राज्याने दिली. तिथल्या बहुतेक काउंट्या घड्याळ हलवतच नसत, काही मात्र आधीपासून हलवत. २००६ साली सगळं राज्य एका नियमाखाली आलं. मॅथ्यू कॉचन आणि लॉरा ग्रँट या अर्थशास्त्रज्ञांनी राज्याच्या दक्षिण भागातली घरगुती वीजबिलं आधीची आणि नंतरची अशी ताडून पाहिली. पूर्वीपासून घड्याळ हलवणाऱ्या काउंट्या तुलनेला होत्याच. घरगुती वापर घटण्याऐवजी सुमारे १ टक्का वाढला होता. राज्यातल्या कुटुंबांवर वर्षाला अंदाजे ९० लाख डॉलरचा जादा भार.

असं का झालं? ऑगस्टमधली संध्याकाळ घ्या. घड्याळात सहा वाजलेत, पण सूर्याच्या हिशेबाने पाचच. भिंती आणि छप्पर तापलेलं, माणसं कामावरून घरी आलेली, एसी सुरू. दिव्याचे थोडे युनिट वाचले, एसीने त्याहून जास्त खाल्ले. शरद ऋतूत उलट: सकाळी लवकर, अंधारात आणि गारठ्यात उठायचं, म्हणजे हीटर आला. दिवे एलईडी झाल्यापासून तर वाचवण्यासारखं उरलंय तेही थोडंच. उन्हाने होरपळणाऱ्या ॲरिझोनाने ही पद्धत १९६८ मध्येच सोडली, आणि माझ्या मते तो निर्णय शहाणपणाचा होता.

अमेरिकेने २००७ पासून हा काळ चार आठवड्यांनी वाढवला, तेव्हा त्यांच्या ऊर्जा खात्याला बचत दिसली, नाही असं नाही. त्या वाढीव दिवसांत रोजच्या विजेच्या अर्धा टक्का. वर्षाच्या एकूण वापराशी ताडली तर ०.०३ टक्के.

विजेपेक्षा मला अपघातांचा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो. संध्याकाळच्या उजेडाने पायी चालणाऱ्यांचे जीव वाचतात, ही जमेची बाजू खरी आहे. पण सूर्य काही तास वाढवून देत नाही. संध्याकाळला मिळालेला उजेड सकाळमधून वजा होतो. तेलटंचाईमुळे अमेरिकेने ६ जानेवारी १९७४ पासून हिवाळ्यातही घड्याळं पुढे ठेवली. मुलं काळोखात शाळेच्या बसची वाट पाहू लागली. फ्लोरिडात सकाळच्या अंधारात मुलं गाड्यांखाली सापडल्याच्या बातम्या आल्या, पालक संतापले. प्रयोग १९७५च्या वसंतापर्यंत चालायचा होता, पण १९७४च्या ऑक्टोबरातच घड्याळं मागे आली.

दुसरं नुकसान झोपेचं. मार्चमधल्या त्या रविवारी एक तास कापला जातो आणि सोमवारी माणूस अर्धवट झोपेत गाडी चालवतो. अमेरिकेतल्या १९९६ ते २०१७ दरम्यानच्या प्राणघातक अपघातांच्या नोंदी कोलोरॅडोच्या संशोधकांनी तपासल्या. त्या कामाच्या आठवड्यात असे अपघात सुमारे ६ टक्क्यांनी वाढलेले आढळले. जिथे सूर्य मुळातच उशिरा उगवतो, त्या कालक्षेत्रांच्या पश्चिम भागात वाढ जास्त होती. संध्याकाळच्या उजेडाचा फायदा मान्य करूनही ही किंमत मला पटत नाही, कारण ती टाळता येण्याजोगी आहे: घड्याळ वर्षभर एकाच जागी ठेवलं, तर हा मार्चचा धक्का बसणारच नाही. युरोपीय संसदेने २०१९ मध्ये घड्याळं हलवणं बंद करण्याच्या बाजूने कौल दिला खरा, पण सदस्य देशांचं एकमत न झाल्याने तो अजून कागदावरच आहे.

पुढच्या लेखांकात आपल्याकडे येऊ: दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, भारताचंही घड्याळ तासभर पुढे होतं.