धावून थांबल्यावरचे एक मिनिट

शर्यत संपली की सगळ्यांचे लक्ष घड्याळाकडे आणि पदकाकडे जाते. आम्ही वाचकांना त्यानंतरच्या एका मिनिटाकडे घेऊन जाणार आहोत. हृदय किती जोरात धावते याइतकेच ते किती लवकर शांत होते, यावरूनही त्याची तब्येत कळते.

हृदयाला मोकळे सोडले तर ते मिनिटाला सुमारे 100 ठोके देईल. बसलेल्या माणसाची नाडी 70च्या आसपास असते, कारण मेंदूतून निघणारी व्हेगस नावाची नस त्याला सतत लगाम घालून असते. धावू लागताच हा लगाम सैल पडतो, थांबताच पुन्हा आवळतो. ॲड्रेनलिनचा असर ओसरायला मिनिटे लागतात. लगामाचे काम पहिल्या 30 सेकंदांतच दिसते.

1994 साली जपानी संशोधकांनी बर्फावरून लांब पल्ल्याचे स्कीइंग करणारे खेळाडू, सामान्य माणसे आणि हृदय कमजोर झालेले रुग्ण यांची तुलना केली. खेळाडूंची नाडी झपाट्याने उतरली, रुग्णांची रेंगाळली. व्हेगसचा असर रोखणारे ॲट्रोपिन दिल्यावर मात्र सुरुवातीची ती झपाट्याची उतरण नाहीशी झाली. म्हणजे करामत या नसेची होती.

खेळाडूंचे ठीक, आमच्या अब्बांचे काय, असे कुणी विचारील. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी 2,428 जणांची ट्रेडमिल चाचणी घेऊन सुमारे सहा वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. पहिल्या मिनिटात ज्यांची नाडी 12 किंवा त्याहून कमी ठोक्यांनी उतरली, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे चौपट निघाला. वय आणि इतर आजार हिशेबात धरूनही दुप्पट. जुन्या मधुमेहात ही नस दुबळी होते, म्हणून साखरेचे दुखणे असलेल्या घरांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. मात्र मनगटावर बोट ठेवून घरीच निदान करू नये. बीटा-ब्लॉकर गोळ्यांनी नाडी मुळातच दबलेली असते आणि हिशेब चुकतो. शंका आली तर डॉक्टरांकडून रीतसर चाचणी करून घ्यावी.

नियमित चालण्याने, पोहण्याने हा लगाम काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मजबूत होऊ शकतो. मैदानावरच्या मुलांना एकच सांगणे: धावून आल्यावर धपकन बसू नका. पायांत साचलेले रक्त वर चढायला स्नायूंची हालचाल लागते, नाहीतर घेरी येते. पाच-दहा मिनिटे सावकाश चालत राहा, मग पाण्याची बाटली घेऊन बसा.