विमानातील वैमानिकास हवामानाची वार्ता

लहान विमानास वादळ झेपत नाही. ते टाळणे हाच बचाव होय. मोठ्या विमानांप्रमाणे स्वतःचे रडार त्यात क्वचितच असते. म्हणून हवामानाची वार्ता बाहेरून पुरवावी लागते. अमेरिकेत याचे तीन मार्ग रूढ आहेत.

पहिला मार्ग रेडिओवरील तोंडी वार्तेचा. दुसरा, जमिनीवरील केंद्रांतून ९७८ मेगाहर्ट्झवर होणाऱ्या विनामूल्य प्रक्षेपणाचा. या लहरी सरळ रेषेत जात असल्यामुळे डोंगराआड किंवा फार खालून उडणाऱ्या विमानास त्या मिळतीलच असे नाही. तिसरा मार्ग उपग्रहाचा. तो कोणत्याही उंचीवर उपयोगी पडतो, परंतु त्यास वर्गणी द्यावी लागते.

शेवटच्या दोन मार्गांनी पावसाचे रडारचित्र वैमानिकासमोरील पडद्यावर उमटते. अनेक रडारांच्या नोंदी जोडून ते सिद्ध होते. पडद्यावर दिसणारा काळ हा चित्र जोडल्यापासूनचा असतो, निरीक्षणापासूनचा नव्हे. मूळ निरीक्षण त्याहून १५ ते २० मिनिटे जुने असू शकते, असा इशारा तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये दिला. ताशी ४५ किलोमीटर वेगाचे वादळ २० मिनिटांत १५ किलोमीटर सरकते. चित्रातील मोकळी वाट तोवर बंद झालेली असते. या विसंगतीपायी प्राणघातक अपघात घडले आहेत. यास्तव हे चित्र वादळास दुरून वळसा घालण्यासाठी आहे, त्यातून वाट काढण्यासाठी नव्हे.

शाळेत पर्जन्यमापकाची नोंद घेताना आकड्याशेजारी वेळ का लिहावी, हे शिक्षकांनी या उदाहरणावरून मुलांस पटवून द्यावे.