शेवटच्या नळाला पाणी येणार का? आधी कॉम्प्युटरवर बघता येतं

जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर पाणी धरतात. पाच माणसांच्या घराला 275 लिटर. पण ते दिवसभर सारखं लागत नाही, सगळ्यांना सकाळीच हवं असतं. एपानेट हे अमेरिकी सरकारचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात टाकीची उंची, पाइपची लांबी-जाडी आणि तासातासाची मागणी भरली की कुठे दाब कमी पडेल ते दिसतं.

खरी गोम मागणीत आहे. गावात पाणी तास-दोन तासच सुटतं. सगळे नळ एकदम चालू, त्यात कुणी लाइनला मोटार लावतो. हिशोब चोवीस तासांचा धरला असेल तर कागदावर पाणी पोहोचतं, टोकाच्या घरी नाही.

ग्रामसभेत आराखडा आला तर विचारा: मागणी किती तासांची धरली? शेवटच्या नळाला दाब किती?