रानजायफळांच्या पाणथळीतली माती

हुबळीच्या भोवतालची काळी माती घर बांधणाऱ्याला घोर लावते. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वर उभ्या असलेल्या भिंतींनाही तडे जातात. शेतकऱ्याला मात्र हीच माती हवी असते. चुना आणि पोटॅश ती धरून ठेवते, खोलवर ओल जपते, म्हणून पाऊस सरल्यावरही तिच्यावर जोंधळा आणि हरभरा उभा राहतो. इथून पश्चिमेला सह्याद्रीत शिरलं की माती तांबडी होते, आंबट आणि निकस होते, आणि तिच्यावर सूर्य अडवणारं सदाहरित रान उभं असतं. कसदार मातीवर झुडपं आणि निकस मातीवर महावृक्ष, हे असं का, याचं उत्तर मला हुबळीतल्याच केशवापुरातल्या एका तळमजल्यावरच्या खोलीत मिळायला सुरुवात झाली.

ही खोली पर्जन्यवनांचा अभ्यास करणाऱ्या एका तरुण संशोधिकेची. जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरलेली आणि प्रत्येकावर मूठ-दोन मूठ माती पसरलेली. उन्हात वाळवली तर मातीतली रसायनं बदलतात, म्हणून नमुने सावलीतच सुकवायचे. मग ढेकळं लाकडी दांड्यानं हलकेच फोडायची, मुळं वेचून काढायची आणि २ मिलिमीटरच्या चाळणीतून माती चाळायची. एक भाग माती आणि अडीच भाग पाणी ढवळून तिनं दोन पेले मांडले. एकात शेजारच्या शेतातली काळी माती, दुसऱ्यात घाटातली. काळ्या मातीचा सामू ८च्या आसपास, घाटातल्या मातीचा ५च्या जवळ. "काका, हा फरक पावसानं पाडलाय," ती म्हणाली.

हुबळीला वर्षाकाठी साधारण ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. घाटमाथ्यावर काही ठिकाणी तो ४,०००च्याही पुढे जातो. एवढं पाणी हजारो वर्षं मुरत राहिलं की कॅल्शियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि पुढे सिलिकाही धुऊन जाते. मागे उरतात लोखंड आणि ॲल्युमिनियमची संयुगं. त्यातूनच जांभा घडतो, आणि उरलासुरला स्फुरद हे लोखंड असं आवळून धरतं की झाडाला तो सहजी मिळत नाही. तरीही रान जगतं, कारण त्याची श्रीमंती मातीत नसते, झाडांच्या अंगात असते. गळालेलं पान दमट उबेत झपाट्यानं कुजतं आणि वरच्या थरातली बारीक मुळं आणि त्यांच्याशी जोडलेल्या बुरश्या त्यातला कस खोल वाहून जाण्याआधीच उचलतात. हा फेरा तोडला, झाडं काढली, पाला नेला, की उघड्या पडलेल्या जमिनीत पुन्हा रान उभं करायला फार थोडं शिल्लक असतं.

ही सगळी माहिती तांबड्या मातीची. संशोधिकेचा खरा अभ्यासविषय मात्र करडी माती हा होता, आणि तो पाहायला वनखात्याच्या परवानगीनं आम्ही उत्तर कन्नड जिल्ह्यात, सिद्दापूर तालुक्यातल्या कत्तलेकानला गेलो. शिरसी मागे पडल्यावर सुपारीच्या बागा दाट होत गेल्या आणि मग रान सुरू झालं. पायमोज्यांना तंबाखूचं पाणी लावूनही जळवा चढतच होत्या. ओढ्याकाठी उतरल्यावर पाय घोट्यापर्यंत चिखलात गेले. समोर रानजायफळाची झाडं उभी होती. काहींच्या खोडातून फुटलेली आधारमुळं कमानीसारखी चिखलात उतरलेली, तर काहींची मुळं चिखलातून वर येऊन, दुमडलेल्या गुडघ्यासारखी वळून, पुन्हा आत शिरलेली.

या आकारांमागचं कारण मातीत आहे. बारमाही पाण्यात बुडालेल्या मातीत हवेला जागा उरत नाही. जो थोडा प्राणवायू असतो तो जिवाणू संपवून टाकतात आणि मग लोखंडाच्या संयुगांवर गुजराण करू लागतात. त्यानं मातीचा तांबडेपणा जातो आणि ती करडी-निळसर होते. अशा मातीत बहुतेक झाडांची मुळं गुदमरतात. रानजायफळाची हवेतली मुळं मात्र सालीवरच्या सूक्ष्म छिद्रांतून हवा घेतात आणि खाली पोचवतात.

संशोधिकेनं ऑगर, म्हणजे माती काढायचा गिरमिट, फिरवत चिखलात उतरवला आणि वर काढलेली मातीची कांडी पन्हळीत आडवी ठेवली. वरचे काही सेंटिमीटर काळी, अर्धवट कुजलेली पानं. खाली करडी वाळूमिश्रित गाळवट, कुजक्या अंड्यासारखा वास. तिनं मन्सेलचं रंगपुस्तक उघडून एकेका थराचा रंग पानावरच्या चौकोनाशी ताडून पाहिला. मग कांडी मोडून मला दाखवली. बारीक मुळांभोवती गंजाच्या रंगाचे पातळ वेढे होते. मुळातून झिरपलेल्या प्राणवायूनं तेवढ्याच जागी लोखंड पुन्हा तांबडं केलं होतं. "झाड इथं श्वास घेतंय, त्याची ही खूण," ती म्हणाली. नमुना पिशवीत गेला. चिठ्ठीवर खोली, ओढ्यापासूनचं अंतर आणि जवळच्या झाडांची नावं लिहिली गेली. मग पुढची जागा. काठाकडे सरकत गेलो तशी माती पिवळी-तांबडी झाली आणि रानजायफळं मागे पडली. काही पावलांत रान बदललं होतं.

या पाणथळींची शास्त्रीय नोंद फार जुनी नाही. त्रावणकोरच्या रानांतल्या अशा जागांविषयी कृष्णमूर्ती या अभ्यासकांनी १९६०मध्ये लिहिलं. चॅम्पियन आणि सेठ यांच्या भारतीय वनांच्या १९६८च्या वर्गीकरणात त्यांना वनांचा वेगळा प्रकार म्हणून स्थान मिळालं. कत्तलेकानमधून २०००मध्ये बिब्ब्याच्या प्रजातीतला एक नवा वृक्ष जगापुढे आला, 'सेमेकार्पस कत्तलेकानेन्सिस'. परिसरशास्त्रज्ञ एम. डी. सुभाष चंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना इथंच आणखी दोन अतिसंकटग्रस्त वृक्ष सापडले. हे वृक्ष त्याआधी दूर दक्षिणेकडचे म्हणून ओळखले जात होते. ओढ्याकाठच्या मूठभर ओल्या जमिनीनं त्यांना एवढ्या उत्तरेला सांभाळलं होतं.

ही जमीन घाटातल्या माणसालाही हवीच असते. बारमाही पाणी असलेला सपाट तळ भातखाचराला आणि सुपारीला उत्तम, म्हणून अनेक पाणथळींच्या बागा झाल्या. वरच्या अंगाला ओढा वळवला की खालच्या पाणथळीत कुऱ्हाड न लावताही झाडं संपू लागतात. रानजायफळाचं बी मोठं आणि ओलं असतं. ते साठवता येत नाही. लाल जायपत्रीसाठी धनेश ते गिळतो आणि दूर नेऊन टाकतो, पण बी पडलेल्या जागी ओल नसेल तर ते वाळून मरतं. शिरसीच्या वनमहाविद्यालयातल्या संशोधकांनी दुर्मीळ वृक्षांची रोपं वाढवून पाणथळींत लावली. त्या रोपांनाही आधी तीच ओली माती लागते.

गोव्यात आणि महाराष्ट्रातही ही माती आहे. गोव्यात सत्तरीतल्या बांबर इथली निरंकाराची राई आणि सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातलं बांबर्डे ही तिची ठिकाणं. लोकांनी देवराई म्हणून राखल्यानं निरंकाराच्या राईतली पाणथळ टिकली. बांबर्ड्याच्या पाणथळीला २०२१मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तिचं क्षेत्र जेमतेम अडीच हेक्टर. एवढ्या तुकड्याभोवती कुंपण घातलं तरी त्याला जगवणारं पाणी कुंपणाबाहेरच्या डोंगरातून येतं. वर बोअर पडली, उतारावरचं रान काढून रबर किंवा अननस लावलं, तर झिरपा आटतो. मग करड्या मातीत हवा शिरते आणि रानजायफळाला तिथं इतर झाडांवर असलेली सरशी उरत नाही.

म्हणून रानाची मोजदाद झाडांच्या संख्येनं करणं अपुरं आहे. एका ओढ्याचा उगम, त्याचा उतार आणि त्याच्या तळाची माती हे मिळून एक रान होतं, आणि राखायचं तर ते तेवढं सगळं राखावं लागेल. वारसा स्थळाची हद्द आखताना जमिनीच्या गटक्रमांकाबरोबर पाणलोटाची रेषाही नकाशावर उमटली पाहिजे. ती रेषा कुठून काढायची हे सांगायला मातीचे नमुने घेणारी माणसं लागतात. चिखलात उतरून एकेक कांडी वाचण्याचं हे काम संथ आहे, पण त्याच्याशिवाय रान वाचवण्याची सुरुवात चुकीच्या जागेवरून होईल.