पावसाचा ताळेबंद

ज्या गावी पाऊस थोडा त्या गावाचे दैवही थोडे, अशी आपली पिढ्यानपिढ्यांची समजूत आहे. आणि अवर्षणग्रस्त मुलुखातील शेतकऱ्याने आधी आभाळाकडे व मग सरकारदरबाराकडे डोळे लावून बसावे, हा त्याच समजुतीतून निघालेला रिवाज. पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने ती समजूत खोटी ठरविली, म्हणून त्याची हकीकत पुनःपुन्हा सांगण्याजोगी आहे.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या गावी सालिना सुमारे चारशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा. १९७२च्या दुष्काळानंतर गावाची घडी पार विसकटली. सरपणासाठी डोंगर बोडके झाले, बोडक्या डोंगरांवरची माती पावसासरशी वाहून गेली, विहिरी आटल्या, आणि जमीन कसून पोट भरेना तेव्हा धडधाकट माणसांनी शहरांची वाट धरली. मागे राहिलेल्यांच्या नशिबी हातभट्टीची दारू आणि तंटेबखेडे आले.

१९८९ साली एम. कॉम. झालेले तरुण पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले आणि १९९४मध्ये गाव शासनाच्या आदर्श गाव योजनेत दाखल झाले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही गावाने स्वीकारलेली पंचसूत्री. डोंगरउतारांवर सलग समतल चर खोदले गेले, ओढ्यानाल्यांवर बांध पडले, झाडे लागली. मोकाट चराई थांबताच राखलेल्या डोंगरावर गवत वाढले, ते विळ्याने कापून गोठ्यात नेता आले, आणि दिवसाकाठी जेमतेम दीडशे लिटर दूध काढणारे गाव पुढे सुमारे चार हजार लिटरांपर्यंत पोहोचले.

परंतु चर आणि बांध महाराष्ट्रात इतरत्रही पुष्कळ झाले. तेथे जमिनीत मुरलेले पाणी ज्याची कूपनलिका खोल त्याने उपसून नेले. हिवरे बाजारचे खरे कर्तृत्व येथेच दिसते. शेतीसाठी कूपनलिका घ्यायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, असे निर्बंध ग्रामसभेने स्वतःवर घालून घेतले. पावसाळा सरला, की किती पाऊस पडला आणि विहिरींना किती पाणी आहे याचा ताळेबंद गावापुढे मांडला जातो. माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी प्रथम बाजूला काढून उरलेल्यावर रब्बीची पिके ठरतात. जमीन ज्याच्या त्याच्या नावे सातबाऱ्यावर असली तरी तिच्या पोटातले पाणी अवघ्या गावाचे आहे, हे तत्त्व मान्य करून हातचे नगदी पीक सोडणे शेतकऱ्याला किती जड जाते, हे शेती करणाऱ्यालाच कळेल.

या संयमाचे फळ आकड्यांत दिसते. १९९५ साली गावातील १८२ कुटुंबांपैकी १६८ दारिद्र्यरेषेखाली होती. २०१०मध्ये अशी तीनच उरली. बाहेर गेलेली कित्येक कुटुंबे परतली. २००७ साली गावाला राष्ट्रीय जल पुरस्कार मिळाला, तर २०२०मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली.

हिवरे बाजारच्या वाट्याचा पाऊस काही वाढलेला नाही. म्हणून कोरडवाहू मुलुखातील वाचकहो, येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या ग्रामसभेत एवढा एकच विषय काढा: एक पर्जन्यमापक, एक वही, आणि त्या वहीत निघेल ती शिल्लक सर्वांनी मानण्याचा ठराव.