डबलसीट बसताना

मैत्रिणींनो, गाडी चालवायला शिकवणारे पुष्कळ भेटतात. क्लच कधी दाबायचा, ब्रेक कसा मारायचा, लायसन्स कुठून काढायचं, सगळं सांगतात. मागच्या सीटवर बसणारीला मात्र कुणी काही शिकवत नाही. तिनं पदर खोचायचा, पिशवी मांडीवर घ्यायची आणि ‘हं, चला’ म्हणायचं. आता आपल्यातल्या कितीतरी जणी स्वतः स्कूटी चालवतात, हे खरं. तरी लग्नाला, दवाखान्यात, बाजारच्या दिवशी नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या मोटारसायकलवर डबलसीट बसणं कुणाला चुकलंय?

मी सत्तावीस वर्षं नववीला विज्ञान शिकवलं. ‘जडत्व म्हणजे काय?’ हा दोन मार्कांचा प्रश्न ठरलेला. मुली व्याख्या घडाघडा म्हणायच्या. त्याच मुली आता मला रस्त्यात दिसतात. मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडलेले, एका हातात बाळ, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. आणि ‘बाई, ओळखलंत का?’ म्हणत त्यातलाच एक हात हलवतात! माझ्या पोटात गोळा येतो. त्या दोन मार्कांचं खरं काम तर इथेच होतं.

जडत्व समजायला प्रयोगशाळा नको. कोथिंबिरीची जुडी धुतली की आपण ती मोरीत झटकतो. हात एकदम थांबतो, जुडी थांबते, पाणी मात्र थांबत नाही. ज्या वेगानं निघालं होतं त्याच वेगानं ते पुढे उडतं. स्थिर वस्तू स्थिर राहू बघते आणि चालती वस्तू त्याच वेगानं सरळ रेषेत चालत राहू बघते, बाहेरून कुणी जोर लावेपर्यंत. न्यूटननं १६८७ साली गतीचे तीन नियम छापून प्रसिद्ध केले, त्यातला हा पहिला. गाडीवर बसलेल्या आपण म्हणजे त्या जुडीतलं पाणी.

रेल्वेचं फाटक उघडलं, सगळ्यांना घाई, आणि आपल्या स्वारीनं झटक्यात गाडी काढली. गाडीला इंजिनानं पुढे ओढलं. पण मागच्या बाईला कुणी ओढलं? एक तर सीट आणि साडी यांच्यातल्या घर्षणानं आणि दुसरं तिच्या हाताच्या पकडीनं. सीट रेक्झिनची, साडी सिंथेटिक, म्हणजे घर्षणाच्या नावानं आनंदच! हातात पिशवी असेल तर पकडही नाही. बघणारे सांगतात, ‘वहिनी मागे फेकल्या गेल्या.’ खरं म्हणजे वहिनींना मागे कुणीच फेकलेलं नसतं. त्या होत्या तिथेच राहिल्या, गाडी त्यांच्या खालून निघून गेली.

ब्रेक मारला की उलटं होतं. गाडी थांबते, आपण पुढे जातो. दोन्हीकडे पाय टाकून बसलं असेल तर गुडघे-मांड्या सीटला आवळता येतात, दोन्ही पाय फूटरेस्टवर रोवता येतात. एका बाजूला बसलेली बाई पुढे सरकते ती तिरकी, कमरेतून पिळवटून. मांड्यांची पकड नाही, एक पाय पट्टीवर आणि दुसरा बहुतेक वेळा अधांतरीच.

मग दोन्हीकडे पाय टाकून बसावं की नाही? माझं मत विचाराल तर बसावंच. ‘सासूबाईंसमोर कसं दिसेल’, ‘लोक काय म्हणतील’ हे मी ऐकलेलं आहे. पण गंमत बघा, आमची आजी नऊवारी नेसायची. कासोटा घातलेला, त्यामुळे बैलगाडीवर चढो की बांधावरून उडी मारो, तिचं काही अडलं नाही. ती मोटारसायकलवर बसली असती तर खुशाल दोन्हीकडे पाय टाकून बसली असती. अडचण सहावारीनं केली आणि आपण तिला संस्कार म्हणायला लागलो! लांबच्या रस्त्याला ड्रेस घाला, साडी तिथे पोचून नेसा. अगदीच एका बाजूला बसायची वेळ आली तर पिशवी पुढच्या हुकला अडकवा, एक हात चालवणाऱ्याच्या कमरेला आणि दुसरा सीटमागच्या कडीला. ती कडी शोभेची नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी पकड आणि फूटरेस्ट द्यावीच लागते.

वळणावर आपण घाबरून गाडीच्या उलट बाजूला अंग नेतो. तेही नको. वळताना गाडी आत झुकवावीच लागते, तिच्याबरोबर तेवढंच झुकायचं.

आता गतिरोधक. आमच्या गल्लीतल्या एक वहिनी अशाच एका गतिरोधकावर पडल्या. डोक्याला मार लागला, तीन आठवडे दवाखान्यात होत्या. त्यांचे यजमान अजून सांगतात, ‘अहो, वेग काहीच नव्हता, मला तर धक्कासुद्धा जाणवला नाही.’ माणूस खोटं बोलत नाही. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसलात की कसे दणके बसतात, आणि मधल्या बाकावरचे लोक निवांत पेंगत असतात, आठवतंय ना? मोटारसायकलवर तेच. चालवणारा दोन चाकांच्या मध्ये बसतो, म्हणून मागचं चाक चार इंच उचललं तर तो साधारण दोनच इंच उचलला जातो. आपण बसतो जवळजवळ मागच्या चाकाच्या डोक्यावर. आपल्या वाट्याला चारच्या चार इंच, तेही एका झटक्यात. तेव्हा ‘हळू घ्या हो’ म्हटल्यावर ‘तू उगाच घाबरतेस’ असं उत्तर आलं, तर त्यांना एकदा मागे बसवा आणि गाडी मुलाला नाहीतर दिराला चालवू द्या. एकच गतिरोधक पुरतो.

लेकराचं सांगते. दहा किलोचं बाळ आपण तासभर कडेवर घेऊन फिरतो, त्यामुळे वाटतं, मी धरलंय ना घट्ट! साध्या ब्रेकला ते धरवतं. पण गाडी ताशी ४० किलोमीटरच्या वेगात असताना कशावर तरी आदळली आणि सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली, तर त्या बाळाला धरून ठेवायला शंभर किलोच्या वर वजन पेलण्याएवढा जोर लागतो. क्विंटलचं पोतं! कुठल्याही आईच्या हातात तो नाही, माया कितीही असली तरी. २०२२ साली केंद्र सरकारनं नियम केला आणि फेब्रुवारी २०२३ पासून तो लागू झाला. चार वर्षांच्या आतल्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा हवा, डोक्याला त्याच्या मापाचं हेल्मेट हवं आणि गाडीचा वेग चाळीसच्या वर नको. मुलाला पुढे टाकीवर किंवा स्कूटीच्या पायाजवळ उभं करणं तर नकोच. ब्रेक लागला की त्याचं तोंड थेट हँडलवर.

वेगाबद्दल आणखी एक हिशेब. ताशी २० च्या वेगानं भिंतीवर आदळणं म्हणजे पाच फुटांवरून पडणं. वेग दुप्पट केला तर उंची दुप्पट नाही, चौपट होते. चाळीसला ती वीस फूट होते, म्हणजे एकमजली घराची गच्ची. साठला सेहेचाळीस फूट, चार मजल्यांच्याही वर. घरात सांगताना किलोमीटर सांगू नका, मजले सांगा. लवकर पटतं.

‘जवळच तर जायचंय’ म्हणून हेल्मेट घरी ठेवणाऱ्यांना एवढंच विचारते, सीटवरून मागे पडलं तर डोकं जमिनीपर्यंत साडेचार-पाच फूट येतं, ते जवळ-लांब बघून येतं का? माळ्यावरून कुणी डबा खाली सोडला तर झेलताना आपण हात खाली नेतो, म्हणजे डबा हळूहळू थांबतो आणि हाताला लागत नाही. हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा जाड थर तेच करतो. तो चेपतो, आणि डोक्याला थांबायला थोडी जागा, थोडा वेळ मिळतो. तो एकदाच चेपतो, म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नये. आयएसआय मार्क बघून घ्या, हनुवटीखालचा पट्टा लावा, नाहीतर डोक्याआधी हेल्मेटच उडून जातं. अंबाडा आड येतो ही तक्रार खरी आहे. त्या दिवशी वेणी घाला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायदाही चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, म्हणजे मागे बसणारीलाही, हेल्मेट घाला असंच सांगतो.

राहता राहिली ओढणी. मोटारसायकलचं चाक चाळीसच्या वेगात सेकंदाला जवळजवळ सहा फेरे घेतं. ओढणीचं टोक आत गेलं की ‘अहो, थांबा’ हे दोन शब्द तोंडातून निघेपर्यंत सहा वेढे बसलेले असतात, आणि दुसरं टोक आपल्या गळ्यात. यासाठीच नियमात मागचं निदान अर्धं चाक झाकणारं संरक्षण सांगितलंय, आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो ते. कॉलेजातल्या चिरंजिवांना ते दिसायला आवडत नाही, म्हणून नवी गाडी आली की आधी तेच काढतात. तुमच्या गाडीचं काढलेलं असेल तर गॅरेजवाल्याकडून परत बसवून घ्या. आणि ओढणी गळ्याभोवती न ठेवता खांद्यावरून तिरकी घ्या, दोन्ही टोकांची कमरेशी गाठ मारा, वर आलेलं टोक खोचा, मग बसा.