मोटारीचे मंद दिवे : कारणे व उपाय

रात्री ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. ऊस हंगामात रस्त्यावरील रिफ्लेक्टर नसलेली बैलगाडी एक सेकंद उशिरा दिसणेही जीवघेणे ठरू शकते. म्हणून मंद दिव्यांची कारणमीमांसा अगत्याची आहे.

हॅलोजन बल्बचा विद्युतदाब १० टक्क्यांनी घटल्यास प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. बारीक तारा, झिजलेला स्विच व गंजलेला अर्थिंगचा जोड यांमुळे हा दाब वाटेतच घटतो. अशा वेळी ६० ऐवजी १०० वॅटचा बल्ब बसविणे हा उपाय नव्हे. त्यामुळे १२ व्होल्ट दाबास प्रत्येक बल्बचा प्रवाह ५ वरून ८ अँपिअरच्या वर जातो, दाबातील घट वाढते, तारा तापतात आणि समोरील चालकाचे डोळे दिपतात.

यास्तव प्रथम दिवे चालू ठेवून बल्बच्या टोकांशी दाब मोजावा. तो बॅटरीच्या दाबापेक्षा बराच कमी आढळल्यास फ्यूज, रिले व जाड तारांद्वारे बॅटरीतून थेट पुरवठा द्यावा. पिवळे पडलेले पॉलिकार्बोनेटचे आवरण पॉलिश करावे व शेवटी झोताची दिशा तपासावी.

सारांश, बल्ब बदलण्यापूर्वी त्याच्यापर्यंत वीज पोचविणारा मार्ग तपासणे श्रेयस्कर होय.